कोळशातलं पान, शेणातलं गवत आणि सिरोंचा: आमची सात दिवसांची विदर्भ ट्रिप

दर डिसेंबरात आमच्याकडे तेच होतं, मी कोकण म्हणते, नवरा गोवा म्हणतो आणि शेवटी आम्ही घरीच बसतो. यावेळी सासऱ्यांनी मधे पडून विषयच संपवला. ते चंद्रपूरकडे कोळसा खाणीत सर्व्हेअर होते, 31 वर्षं, आणि रिटायर होऊन पुण्याला आमच्याकडे आले तेव्हा सामानात एक बुटाचा खोका होता, त्यात दगड. सासूबाई असेपर्यंत तो खोका माळ्यावर, आता सासऱ्यांच्या पलंगाखाली. लेक सहावीत आहे, तिला शाळेत उत्क्रांतीवर प्रोजेक्ट होतं आणि ती नेटवरून ते चित्र प्रिंट काढून चिकटवायला बसली होती, डावीकडे माकड, मग वाकलेला, मग जरा कमी वाकलेला, आणि उजवीकडे ताठ माणूस. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते चित्र बघितलं आणि म्हणाले, हे असं रांगेत काही झालेलं नाही, फाड ते, चल तुला दाखवतो. पोरीनं खरंच फाडलं. झालं, तिकडेच जायचं ठरलं.

दिवस 1: पुणे ते नागपूर

पहाटे साडेचारला निघालो, संभाजीनगरनंतर समृद्धीला लागलो. या दिवसात सांगण्यासारखं फार नाही, समृद्धीवर गाडी चालवणं म्हणजे ट्रेडमिलवर चालण्यासारखं, हलतंय सगळं पण पोचत कुठेच नाही. पण बाबांनी पुढच्या सीटवरून एक खेळ चालू केला, रस्त्यासाठी जिथे टेकडी कापलीये तिथे दगड कुठला ते सांगायचं. उत्तर दरवेळी एकच, काळा, बसाल्ट. सकाळी बसाल्ट, दुपारी बसाल्ट, नागपूरच्या उंबरठ्यापर्यंत तोच. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. चित्रातल्यासारखा टोकदार ज्वालामुखी नाही, भेगांतून उतू गेलेलं दूध समजा. आज उरलेला भागच 5 लाख चौरस किलोमीटर आहे, सह्याद्रीत जाडी दोन किलोमीटरच्या वर, नागपूरकडे पातळ होत होत संपतो.

एका कटिंगमधे काळ्या दगडांच्या मधोमध विटेच्या रंगाचा पट्टा दिसला तेव्हा बाबांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली, नवऱ्याने अर्थातच घेतली नाही (समृद्धीवर थांबता येत नाही, चलान येतं). तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला विसावा. एक थर येऊन थंड झाला, त्यावर माती तयार झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. अशा विसाव्याच्या काळात तळी व्हायची, झाडं उगवायची, जनावरं परत यायची. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळालेत, 1847 मधेच त्यांचं वर्णन छापून आलं होतं. म्हणजे मला आत्तापर्यंत वाटायचं की दख्खनचा लाव्हा आला आणि सगळं एका झटक्यात भस्म, तसं नव्हे. लोक, म्हणजे बेडूक, दोन लाव्हांच्या मधे संसार करत होते.

दिवस 2: नागपूर, पिसदुरा, रात्री चंद्रपूर

सकाळी तर्री पोहे. लेकीच्या डोळ्यातून पाणी, तरी अजून घेतली.

नागपुरात फार थांबलो नाही पण सीताबर्डीवरून जाताना बाबांनी हिस्लॉपची गोष्ट सांगितली. नागपूरकरांना हिस्लॉप म्हणजे कॉलेज. माणूस स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी, 1845 च्या सुमारास इथे आला, धर्मप्रचार आणि शाळा चालवणं हे काम, पण फावल्या वेळात सोबती रॉबर्ट हंटर बरोबर टाकळी, सीताबर्डी असं फिरून दगडातले शंख, बिया, फळं गोळा करायचा. टाकळी तेव्हा गावाबाहेर होती, आता शहरात गेली. इथून दक्षिणेला सापडलेल्या एका जुन्या मगरतोंड्या सरीसृपाला नंतर पॅरासुकस हिस्लोपी नाव दिलं ते यांच्यावरून. 1863 मधे टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं बघून परत येताना पुराच्या नाल्यात बुडून गेला. बाबा हे असं सांगतात की जणू शेजारच्या वाड्यातला माणूस होता.

मग वरोऱ्याकडे आणि तिथून आत पिसदुरा. इथे पोचल्यावर आधी माझी निराशाच झाली हे कबूल करते. बोर्ड नाही, पुतळा नाही, तिकीट नाही. लालसर मातीची शेतं, कडेला बाभळी, एक म्हातारे शेतकरी बांधावर बसलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "गोटे पाहाले आले का? पाहा नं. लय लोक येतेत जी, गोटे वेचतेत अन् जातेत. आमाले काय, वखराले अडते."

वखराला अडणारे ते गोटे म्हणजे शेण आहे. सात कोटी वर्षांच्या आसपासचं, दगड झालेलं. बाबांनी एक उचलून पोरीच्या हातात दिला. माझ्या मुठीएवढा, राखाडी-तपकिरी, एका बाजूला निमुळता, अंगावर वळ्या, कणीक मळताना बोटांच्या मधून बाहेर येते ना तशा. वजनाला पक्का दगड. वास घेतला का, तर हो, तिने घेतला, मग मी पण घेतला. मातीचा वास.

आता यात मजा काय ते ऐका. या भागात टायटॅनोसॉर, म्हणजे लांब मानेचे शाकाहारी डायनोसॉर फिरायचे. जवळच डोंगरगावला 1980 च्या दशकात असाच एक सापडला, त्याचं आत्ताचं नाव आयसिसॉरस, आणि ते आयएसआय म्हणजे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट वरून आलंय. संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव डायनोसॉरला कसं, ते पुढे गडचिरोलीतल्या सिरोंच्याला पोचलो की सांगते. तर 2005 मधे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि बाकीच्या संशोधकांनी पिसदुऱ्याचं हे शेण ॲसिडमधे विरघळवून आत काय आहे ते बघितलं. झाडं जमिनीतून सिलिका ओढतात आणि पेशींमधे तिचे सूक्ष्म खडे तयार होतात, झाड कुजतं पण खडे राहतात, आणि प्रत्येक घराण्याच्या खड्याचा आकार वेगळा. शेणात सापडले गवताचे खडे. तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी की डायनोसॉरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच, ते नंतर आलं. चित्रकार तर डायनोसॉरच्या चित्रात हिरवळ काढली की शिव्या खायचे. आणि इथे एका ढिगात निदान पाच प्रकारची गवतं. पुढे 2011 मधे याच शेणातून भाताच्या कुळातली गवतं पण निघाली. म्हणजे भातकुळी हा शब्द आपण 'एकाच भातकुळीतले' असा सहज वापरतो, तर ती खरीखुरी भातकुळी इथे वरोऱ्याच्या आसपास डायनोसॉरच्या पोटात होती.

आम्ही तो गोटा परत शेतात ठेवला. लेकीला न्यायचा होता, रडारड झाली, पण बाबा ठाम. म्हणाले, प्रत्येकाने एकेक नेला तर वखराला अडायला पण काही राहायचं नाही. (तुमच्या खोक्यातल्या दगडांचं काय, असं मी विचारलं नाही. सून आहे मी.)

दिवस 3: चंद्रपूर

हा दिवस बाबांचा. आदल्या रात्री लॉजवर रूम बदलून दिली, गरम पाणी नाही, आमची जरा कुरकुर चालू होती, पण हे सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून तयार. त्यांच्या जुन्या खाणीत आत जाता येत नाही, साहजिक आहे, पण बाहेरून ओबीचे डोंगर दिसतात. ओबी म्हणजे कोळशाच्या वरची काढून टाकलेली माती-दगड, हे इतके मोठे ढीग की परक्या माणसाला खऱ्या टेकड्याच वाटतील.

एका चहाच्या टपरीवर बसून त्यांनी बुटाचा खोका उघडला. हो, सोबत आणला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक राखाडी पातळ दगड, कोळशाच्या सीमच्या, म्हणजे थराच्या, छतातला शेल (चिखलाचा झालेला दगड), आणि त्याच्यावर काळं पान. वीतभर लांब, जिभेच्या आकाराचं, मधे जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा, एकमेकींत गुंतलेल्या. टपरीवाल्याने चहा ठेवता ठेवता बघितलं आणि म्हणाला, आंब्याचं पान हाय. बाबा खूष झाले कारण खाणीत सगळे त्याला आंब्याचं पानच म्हणायचे. नाव ग्लॉसोप्टेरिस. आंब्याशी नातं काही नाही, फुलझाडंच तेव्हा जगात नव्हती. वय साधारण 27-28 कोटी वर्षं. बाबा सांगत होते की सपोर्ट लावायच्या आधी छत तपासायला टॉर्च मारली की कधी कधी पूर्ण छतभर पानंच पानं, शरद ऋतूत पडलेली असावीत अशी, आणि त्यांच्याखाली उभं राहून आपण मोजमापं घ्यायची. 31 वर्षांत हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा मोबाईल खाली ठेवून ऐकत होता.

हेच पान ऑस्ट्रेलियात सापडतं, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, अंटार्क्टिकात पण. एवढं पान समुद्र ओलांडून जाणार नाही, म्हणजे या जमिनीच एकत्र होत्या. त्या खंडाला गोंडवन म्हणतात आणि नाव आलं इथल्याच गोंडांच्या मुलखावरून, 1872 मधे भूगर्भशास्त्रात पहिल्यांदा वापरलं गेलं. गंमत म्हणजे तेव्हा आपला हा तुकडा पार दक्षिणेला होता, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. कोळशाच्या आधी इथे चक्क बर्फ होता. पैनगंगेच्या काठी चुनखडीवर हिमनदीने दगड घासत नेल्याचे ओरखडे आहेत, आम्ही तिथवर गेलो नाही, पण मे महिन्यात 47-48 डिग्री बघितलेल्या बाबांच्या तोंडून 'चंद्रपुरात हिमनदी' ऐकायला फार मजा येते.

आणि ती चुनखडी तर अजून जुनी, इथले सिमेंट कारखाने तिच्यावर चालतात. ती साचली तेव्हा प्राणी हा प्रकारच नव्हता, पाण्यात फक्त सूक्ष्म जीव. पृथ्वी 454 कोटी वर्षांची, त्यातला बहुतेक सगळा काळ असाच, डोळ्यांना दिसेल असं कोणीच नाही. त्यांच्यातल्याच काहींनी ऑक्सिजन सोडून सोडून पुढच्यांची सोय केली. लेकीने विचारलं, मग प्रोजेक्टमधे त्यांना किती पानं द्यायची. बाबा म्हणाले, वीस पानांची वही असेल तर सतरा.

संध्याकाळी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. 2920 मेगावॅट. ती पानं तिथे जातात. मी काही बोलले नाही, बाबांचं सगळं आयुष्य आणि माझ्या नवऱ्याचं इंजिनियरिंग त्याच पानांवर झालंय.

दिवस 4: चंद्रपूर, आलापल्ली, सिरोंचा

200 किलोमीटर आणि आख्खा दिवस. आलापल्लीपर्यंत ठीक, सागाचं जंगल सुंदर, पुढचा रस्ता म्हणजे खड्डे जोडून केलेली गोष्ट. अंधाराच्या आत पोचा असं सगळे सांगत होते आणि नेमकी पंक्चर झाली. स्टेपनीत हवा कमी, ती माझी चूक, निघण्याआधी चेक करायचं काम माझ्याकडे होतं. दीड तास गेला.

त्या दीड तासात बाबांनी अजून एक गोष्ट काढली. कालचा कोळसा आणि उद्याचं सिरोंचा यांच्या मधे कुठेतरी एक रेघ आहे, 25.2 कोटी वर्षांपूर्वीची. आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा संहार, समुद्रातल्या दहातल्या आठ-नऊ प्रजाती गेल्या. डायनोसॉर गेले तो नव्हे, त्याच्याही आधीचा आणि त्याच्याहून मोठा. सैबेरियात आपल्या दख्खनसारखाच लाव्हा वाहिला, तो कोळशाच्या आणि मिठाच्या थरांतून वर आला, प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, समुद्र तापले, त्यातला ऑक्सिजन कमी झाला. ते आंब्याचं पान, म्हणजे ग्लॉसोप्टेरिसची जंगलं, त्याच सुमारास संपली. आणि कोळसा बनणंच जवळपास एक कोटी वर्षं जगभर थांबलं, दलदलीत वाढणारी झाडंच उरली नव्हती. नवरा जॅक फिरवता फिरवता म्हणाला, बाबा, जरा हसरं काही सांगा ना.

दिवस 5: वडधम आणि संगम

सिरोंच्यात निम्मी भाषा तेलुगू. सकाळी हॉटेलात मला "अम्मा" म्हणून हाक मारली, एकदम वय वाढल्यासारखं वाटलं.

वडधमला वनविभागाने जीवाश्मांची जागा राखून ठेवलीये. इथे मात्र डोळ्यांना दिसतं. झाडांची खोडंच्या खोडं जमिनीवर आडवी, पण दगडाची. लांबून साग तोडून टाकलाय असंच वाटतं, आणि हात लावला की गार. साल कुठे कुठे ओळखू येते, फांदी जिथून फुटली होती तिथे गाठ, तुटलेल्या टोकाला वर्तुळं, आणि फटीत बोटाच्या टोकाएवढे चकाकणारे स्फटिक. गाळात पुरलेल्या लाकडात पाण्यातली सिलिका शिरली आणि पेशीन् पेशी तिने भरून काढली. सूचिपर्णी झाडं, फूल नाही, फळ नाही. लेक त्या खोडावर हात फिरवत शेजारच्या मोहाच्या झाडाकडे बघत होती. म्हणाली, हा मोह बिचारा काल आलाय.

हे सगळे थर ज्युरासिक, साधारण 18-19 कोटी वर्षांचे, आणि भूगर्भवाले त्यांना कोटा फॉर्मेशन म्हणतात, प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावावरून. (राजस्थानचं क्लासवालं कोटा नाही.) 1850 च्या सुमारास इथले दगडातले मासे लंडनला पोचले होते. पण खरी धमाल एकशे दहा वर्षांनी. प्रशांतचंद्र महालनोबिस, आकडेवारीतला मोठा माणूस, त्यांना आपल्या संख्याशास्त्राच्या संस्थेत भूगर्भशास्त्र पण पाहिजे होतं, म्हणून 1957 मधे त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या बाईंना बोलावलं. त्यांनी तयार केलेली पोरं गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात उतरली आणि या सिरोंचा भागात पोचमपल्लीजवळ हाडांचा ढीगच सापडला, निदान सहा जनावरांची मिळून 300 च्या आसपास हाडं, मोठमोठ्या झाडांच्या खोडांमधे मिसळलेली, पुरात वाहून येऊन एका जागी अडकल्यासारखी. एक मांडीचं हाड 1.7 मीटर. नवऱ्याची उंची 1.7 मीटर आहे. त्याला खोडाशेजारी आडवा झोपवून लेकीने फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर तोच गाजतोय.

1961 रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं, म्हणून नाव बारापासॉरस टागोराय. बंगालीत बडो पा म्हणजे मोठा पाय. गडचिरोलीत सापडलेला, बंगाली नावाचा, सांगाडा कोलकात्यात. बाबांना याचा थोडा राग आहे, पण ते म्हणाले, निदान त्यांनी जोडून उभा तरी केला.

आता त्याच थरातलं दुसरं टोक. त्याच कोटाच्या दगडातून, माती चाळून धुवून, एका सस्तन प्राण्याचा काही मिलिमीटरचा दात निघाला, 1981 मधे त्याचं वर्णन झालं, कोटाथेरियम हाल्डेनाय. ज्यांच्यावरून हे नाव ते जीवशास्त्रज्ञ हाल्डेन पण याच संस्थेत काही वर्षं होते. एकीकडे माणसाएवढं मांडीचं हाड आणि दुसरीकडे तांदळाच्या कणीसारखा दात, आणि आपण सोयरे त्या दातवाल्याचे. उंदरासारखं काहीतरी, बहुतेक रात्री बाहेर पडणारं, किडे खाणारं. त्या मोठ्या पायांच्या मधून धावताना त्याला कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं का, की हे पुढे टिकणार?

दुपारी प्राणहिता-गोदावरी संगमावर गेलो, पलीकडे तेलंगणात कालेश्वरम. मग जेवायला केळीच्या पानावर भात, पप्पू (म्हणजे वरण), तिखटजाळ लोणचं. लेकीने भात टाकला. बाबा म्हणाले, "सात कोटी वर्षं लागली त्याला शेणातून पानावर यायला. खा." तिने सगळा संपवला, मग एक तास कुणाशी बोलली नाही.

दिवस 6: परत नागपूर

तोच रस्ता, तेच खड्डे, स्टेपनी फुल्ल. लिहिण्यासारखं काही नाही, संत्रा बर्फी घेतली.

दिवस 7: लोणार आणि घर

मेहकरला समृद्धी सोडून लोणारला गेलो. 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, उल्का थेट बसाल्टवर पडून झालेलं. वय पूर्वी 50 हजार वर्षं सांगायचे, नंतरच्या मोजणीत 5 लाख 70 हजार आलं. आठवड्याभराच्या हिशोबात म्हणजे आत्ता सकाळची गोष्ट. आणि डायनोसॉरवाली उल्का? त्या मेक्सिकोतल्या विवराचा व्यास 180 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लोणारसारखी शंभर एका ओळीत ठेवा. त्यात एकीकडे ती उल्का आणि दुसरीकडे आमचा समृद्धीवरचा काळा दगड, कोणी किती मारलं यावर अजून भांडणं चालू आहेत, बहुतेकांचं बोट उल्केकडे.

खाली उतरून पाण्यापाशी गेलो. पाणी खारं आणि अल्कलाइन, पीएच 10 च्या आसपास, बोटं बुडवून चोळली तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत. मासे नाहीत. पण 2020 च्या जूनमधे हेच पाणी गुलाबी झालं होतं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितलं की हे मिठात राहणारे हॅलोआर्किया. आर्किया म्हणजे बॅक्टेरियासारखे दिसणारे पण वेगळ्याच घराण्याचे, डायनोसॉर, पानं, मासे या सगळ्यांच्या कितीतरी आधीचं घराणं. आपल्या पेशीचं मूळही त्यांच्याच बाजूला जातं. त्यांना पाणी आटलं काय, खारट झालं काय, फरक पडत नाही, उलट तेव्हाच त्यांची दिवाळी. लेकीने बाटलीत पाणी भरलं, बाबांनी बघितलं आणि ती ओतून टाकायला लावली. परत रडारड.

रात्री साडेअकराला पुणे. पोरीने प्रोजेक्टमधे आता रांग काढलेली नाही, झुडूप काढलंय, खूप फांद्या, बहुतेक मधेच तुटलेल्या, आणि एका तुटलेल्या फांदीला आजोबांच्या पानाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा चिकटवलाय. बाईंनी विचारलं यात माणूस कुठेय, तर तो आहे, कोपऱ्यात, भाताच्या फांदीच्या बराच खाली. जागा संपली होती म्हणे. आणि आता मे महिन्यात कोलकाता, त्या मोठ्या पायाला बघायला. नवरा विमानाचे रेट काढतोय, बाबा म्हणतात ट्रेनच, कारण खिडकीतून दगड दिसतो.